तिसऱ्यातून चौथा

माझ्या गॅरेजात येणारी प्रत्येक गाडी
आपली आपणच बिघडलेली असते.
"उभी होती, इल्दा, नुसती उभी होती,"
असं शपथेवर सांगतात,
आणि टायरांना अजून जळक्या रबराचा वास येत असतो.

म्हणून बाल्ताझार म्हणाले, "चूक माझी आहे,"
तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला.

चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली,
कोव्हिल्यांपासून वर, जिथे बर्फाची उंची कळावी म्हणून
रस्त्याकडेला पिवळेकाळे खांब रोवलेत तिथपर्यंत.
दाट धुक्यात मेंढ्यांच्या घंटांवरून वळण ओळखणारा माणूस.
मंगळवारी, चढावर, दुधाच्या टँकरला मागे टाकताना
तिसरा पुरता ताणला, चौथा टाकायला गेले
आणि पडला दुसरा.

दोन बोटांचं अंतर आहे हो.
चौथा सरळ मागे. दुसराही मागेच,
फक्त जरा आपल्या बाजूला.
मूठ आवळून ओढलं की माणूस
स्वतःकडेच ओढतो.

पुढचं ते सांगत नव्हते, मला ऐकू येत होतं.
चाकांची किंचाळी. काटा लाल रेघेपलीकडे,
जिथे आकडेच छापलेले नाहीत.
लोकांना वाटतं, फार झालं की इंजिन आपणहून पेट्रोल तोडतं.
तोडतं ना. पण तेव्हा इंजिन चाकं फिरवत नसतं,
चाकं इंजिनाला फरफटवत असतात,
आणि वेगाला कुठलं आलंय पेट्रोल?
व्हॉल्व्हला परतायला जराशी वेळ होते,
पिस्टन मात्र ठरल्या वेळी हजर.

"दिओलिंदा शेजारी होती," ते म्हणाले.
"बोलली काहीच नाही.
चीजची टोपली मांडीवरून पडली होती,
ती उचलायला वाकली ती
घर येईपर्यंत वाकलेलीच."

चारही प्लग काढले, गेज लावला.
पहिला तेरा. दुसरा तेरा. तिसरा पावणेतेरा.
चौथा अकरा.
अकरा म्हणजे काय, मला विचारू नका.
व्हॉल्व्ह वाकला असेल. नाहीतर आधीच थकलेला असेल,
गाडी काही कालची नाही.
"चालेल," मी म्हटलं. "किती दिवस, ते नाही सांगता येणार."
त्यांनी मान हलवली,
जणू हे वाक्य त्यांनी या महिन्यात आणखी कुठेतरी ऐकलं होतं.

मग मी गिअरच्या दांड्याखाली शिरले.
सगळं घट्ट. बुश गोल, शाबूत,
आणखी दहा वर्षं निघाली असती.
खालून मला त्यांचे बूट दिसत होते, स्थिर,
आणि वर कुठेतरी किल्ल्या किणकिणत होत्या.
कोटाच्या उजव्या खिशात. थांबायचं नाव नाही.
बाहेर आले तर कॉफीचा कप डाव्या हातात.

कार्डावर एक रकाना असतो: कारण.
पेन बराच वेळ तसंच धरलं.
मग लिहिलं, बुश झिजलंय.

त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून एकदा.
"बुश," ते म्हणाले.
"हो. या मॉडेलला होतं तसं."
"मग बदलून टाक."

बदललं. अठरा युरो घेतले.
घेतले नसते तर त्यांना कळलं असतं.
का, कळलंच होतं?
जुनं बुश अजून बाकावर आहे,
बिलांवर वजन म्हणून ठेवते.

निघताना उजवा हात खिशातून बाहेर आला.
दांड्याच्या गोळ्यावर तो त्यांनी आवळला नाही,
नुसता उघडा टेकवला,
बुजऱ्या घोड्याच्या मानेवर टेकवावा तसा.
पहिला पडला. फाटकापाशी दुसरा.
मग गाडी गिरणीच्या भिंतीआड गेली
आणि राहिला फक्त आवाज, चढाला लागलेला.

तिसरा.

मी हात पुसायचे थांबले.
आवाज वर वर चढत गेला,
आणि मग क्लच दाबल्यावरची ती पोकळी,
जिच्यात इंजिन कशालाच जोडलेलं नसतं.