एक जून

माझगावच्या गोदीत कुणी इटालियन खलाशी
उधारीपोटी सोडून गेला,
एवढंच विकणाऱ्याला ठाऊक.

सायकल उलटी करून
रॉकेलच्या बोळ्यानं खरवडलं बुडाचं ग्रीस:
पाच आकडे, शेवटचा तीन की आठ, कळेना.
मागच्या गिअरवर पेटंट ७८.
हबच्या नटावर, भिंगाखाली, ७२.
फोर्कचा क्रोम दोघांहून जुना वाटतो,
आणि ब्रेकच्या तारा काळबादेवीच्या,
गेल्या दिवाळीतल्या.

"मग वय कुठलं धरायचं?"
घाग मिस्त्री स्पोक ताणत होते, मान वर न करता म्हणाले,
"आई सांगायची, भात आडवं पडलं त्या साली झालास.
मास्तरांनी दाखल्यावर घातली एक जून.
त्याच हिशेबानं वर्कशॉपातून रिटायर झालो,
दोन वर्षं आधी की नंतर, देव जाणे."

मग पाना ठेवून
सीटखालच्या जोडावर अंगठा फिरवू लागले, सावकाश,
आणि एका जागी थांबले.
कानस जरा घसरली होती तिथं.

"शिकाऊ पोरगा," म्हणाले.
"बहुतेक सोमवार."

वहीत सालापुढे
मी तेवढंच लिहिलं.