मासे, गोठवलेले, इतर

बेलापूरला, खाडीकडे पाठ करून उभ्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावर
आम्हाला अठ्ठेचाळीस तास दिले होते
आणि अकरा वर्षांचा समुद्र,
एकाच फाइलीत, स्वल्पविरामांनी तोडलेला.

पाच-पाच जणांचे सहा गट. गळ्यात पट्टे.
आमच्या टेबलावर झोरामी, ऐझॉलची,
तिच्या राज्याला किनाराच नाही.
सुधन्वा, ज्याने जन्मात मासा चाखला नाही
पण हरवलेला आकडा ज्याला वासावरून कळतो.
बिजोय, कोळंबीच्या रोगांवर नुकताच डॉक्टर झालेला.
फरहीन, कोड लिहिताना खुर्चीत मांडी घालून बसणारी.
आणि मी, दिवाळ्याची.
खिडकीतून जरा वाकलं असतं
तर बाजारातलं आईचं निळं ताडपत्र दिसलं असतं.
वाकले नाही.

"आधी डेटाशी बोला," मार्गदर्शक बाई म्हणाल्या.
बोलले.
कोडच्या शेपटीला नऊ-नऊ आले की समजायचं, इतर.
न्हावाशेवा, गोठवलेले, इतर, सव्वीस टन.
न्हावाशेवा, गोठवलेले, इतर, चाळीस टन.
पापलेटला आपली खोली, सुरमईला आपली,
कोळंबीला तर अख्खा मजला,
आणि बाकीचे सगळे एकाच रांजणात:
ढोमा, काटी, शिंगाळा, राणीमासा,
ज्यांची नावं मला बाराखडीच्या आधी आली.
मी एका चौकटीत "ढोमा" टाइप केलं.
लाल अक्षरांत उत्तर आलं:
हे मूल्य स्वीकारार्ह नाही.

दुसऱ्या रात्री सुधन्वाने ते पकडलं.
इथून जेवढं निघतं तेवढं तिथे पोचत नाही.
दर वर्षी. शंभराला अकरा.
टेबल एकदम जागं झालं.
झोरामीने फळ्यावर मोठं लाल वर्तुळ काढलं,
बिजोय म्हणाला चोरी, फरहीन म्हणाली पेपर,
गार समोसे पुन्हा उघडले गेले.
वर्तुळात कोणीतरी एक जहाज काढलं,
त्यावर कवटी.

पहाटे चारला आई भाऊच्या धक्क्याला निघते.
मी पाण्याच्या मशीनपाशी जाऊन फोन लावला,
हळू आवाजात, चोरी आपल्याच घरात झाल्यासारखा.
सगळं सांगितलं. टन, देश, अकरा टक्के.
पलीकडे टेम्पोचं इंजिन, बायकांचा कालवा,
मग आई:
"बरफ धरून तोललंय का गो, का बरफ झारून?"

बरफ.
मासा गोठवताना त्याच्या अंगावर चढवतात तो
पाण्याचा पातळ सदरा.
इथे सदऱ्यासकट वजन, तिथे सदरा उतरवून.
बिजोयला हे माहीत होतं, त्याने कपाळावर हात मारला.
परीक्षेत लिहिलं होतं म्हणाला, पान आठवतंय.
सदरा वजा केला. अकराचे चार झाले.
लाल वर्तुळ पुसलं, जहाज मात्र राहू दिलं,
कारण ते चार कुठे जातात
ते आम्हाला कळलं नाही.
अजून नाही.

आमचा तिसरा नंबर आला. प्रत्येकी एक स्टीलची बाटली.
पहिल्या आलेल्यांचा नकाशा खरंच सुंदर होता,
बाण वळत वळत जाणारे, जणू पाण्याला माहीत होतं.

आता पेपर लिहितोय, पाच शहरांतून, एकाच पानावर.
शेवटी एक मथळा असतो: लेखकांचा वाटा.
सुधन्वा, विश्लेषण. फरहीन, कोड.
सगळ्यांची नावं लिहून मी थांबले.
दोन दिवस तिथेच पट्टी लुकलुकत होती.

रविवारी बाजारात गेले.
आई फळीवर मांदेलीचे वाटे लावत होती,
तराजू नाही, नुसता हात,
आणि एक ढीग दुसऱ्याहून दोन मांदेल्यांनीही हलका नाही.
म्हटलं, "आई, कागदावर तुझा वाटा लिहायचाय."

तिने मान वर केली नाही.
समोरच्या बाईच्या पिशवीत वरची मूठ टाकत म्हणाली,
"कंचा?
शंभराचा का दोनशेचा?"