हात वर

उकिडव्यांच्या गच्चीवरचा अँटेना अजून
सिंहगडाकडे तोंड करून उभा आहे.
सून त्यावर पायपुसणी वाळत घालते.
गंजला, पण रोख सोडला नाही.

मंगळवारी रात्री आठ-दहाला
हा बाबा पडद्यावर यायचा, तूरिनचा टाय लावून,
म्हणायचा, मंडळी, हात वर!
आणि कर्वेनगरात पोरं जेवता जेवता
खरकटे हात वर करायची.

टायचं असं झालं :
कुठल्याशा परिषदेला गेला होता चार दिवस.
हॉटेलातल्या टीव्हीवर पांढऱ्या केसांचा एक म्हातारा,
चाळीस वर्षं म्हणे त्याच खुर्चीत,
लोकांना काहीबाही विचारत होता.
"ओ की ठो कळलं नाही, काटकर,
पण तो कुठे थांबतो ते कळलं.
प्रश्न टाकला की गप्प. पाणीसुद्धा पीत नाही."
टाय विमानतळावर विकत घेतला.
थांबणं फुकट आणलं.

मी त्याचा फ्लोअर मॅनेजर.
बावीस वर्षं कॅमेऱ्याखाली उकिडवा बसून
(या आडनावावरचा विनोद त्याचाच, दर दिवाळीला)
मोजून दिलं त्याला : पाच, चार, तीन तोंडाने,
दोन आणि एक नुसती बोटं.
घड्याळ माझ्याकडे. घंटेचं बटणही.

पत्रं पोत्याने यायची, निम्मी नारायण पेठेतून.
'परवा आपण चाऱ्याला चारचा च लावलात. खेद वाटला.'
हा उलट टपाली लिहायचा :
'आभारी आहे. बैलांचीही क्षमा मागतो.'

शहाऐंशी साली भोरची एक मुलगी आली,
मंदाकिनी किंद्रे, बाप एसटीत कंडक्टर.
शेवटचा प्रश्न, बक्षीस शिलाई मशीन.
उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलेलं
मला खालून दिसत होतं.
दहा सेकंद झाले.
घंटा नाही.
हा गप्प, ती गप्प, दिव्यांची घरघर तेवढी.
एकविसाव्या सेकंदाला ती बोलली.

तिसऱ्या दिवशी मेमो. घंटा का वाजली नाही?
हा म्हणाला, मी खूण केली होती.
तेरा आठवडे घरी बसला.
लक्ष्मी रोडवर लोक विचारत,
काय हो, आजारी होतात?
हा म्हणे, हो, जरा घसा.

खूणबीण काही नव्हती.
माझाच अंगठा दाबला गेला नाही.

यावर आम्ही कधी बोललो नाही.
एकदा फक्त, शनिपाराजवळ उसाचा रस पिताना,
म्हणाला, मशीन चालतंय म्हणे अजून.
आणि आलं जास्त झालंय म्हणून रसवाल्याशी भांडला.

पुढे चॅनेलं आली. पोरगेले, भराभरा बोलणारे आले.
हा मिक्सर-विक्रेत्यांची संमेलनं करू लागला,
सोसायट्यांचे गणपती,
एका लग्नात तर वरातीचं सूत्रसंचालन.
मी विचारलं, झेपतं का?
म्हणाला, घोडा चांगला होता.

आषाढात उजवी बाजू गेली, आणि शब्द.

आता दर गुरुवारी एक मुलगी येते, चित्रांचे पत्ते घेऊन.
कप. किल्ली. छत्री.
हे काय आहे, काका? सांगा बरं?
आणि हा शोधत राहतो,
वीज गेल्यावर फडताळात काडेपेटी शोधावी तसा.
मुलगी चांगली आहे,
पण तिला पुढे वारज्याला जायचं असतं.
ती मनगटाकडे बघते.
मला ते मनगट बघवत नाही.

परवा पत्ता निघाला शिलाई मशीनचा.
बराच वेळ गेला. मी मोजला नाही.
मग, चोख, ऱ्हस्व-दीर्घासकट, जुन्या आवाजात :
भोर.

नाही हं काका, ती म्हणाली, आणि फुली मारली.
मी बोललो नाही. सेटवर बोलायची
मला सवयच नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
डावा हात गादीवरून वीतभर उचलला.

मग चहा आला.
सुनेने बशीत ओतून दिला.
साखर, तो म्हणाला.
खरंच कमी होती.