चौकोन ४१७

उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद.
माझी खोली त्यात आठ वेळा मावेल,
मोरीसकट.
म्हणजे वरून पाहणाऱ्याला मी दिसत नाही,
चारकोपच्या पत्र्यांत पत्रा मिसळून
एक करडा आकडा होतो.
बरं आहे ते.

रात्री दहा ते दोन मी यंत्राला शिकवते.
हे तिवर. हे पाणी. हे तिवर नाही.
कड ओढायची, कुंपण बंद करायचं, नाव द्यायचं,
पुढचं चित्र.
एका चित्राचे साडेचार रुपये.

सुरुवातीला ते फार भोळं होतं.
टॉवरवर टांगलेली हिरवी जाळी पाहिली
की म्हणायचं: दाट जंगल, ९१ टक्के.
क्रिकेटच्या टर्फलाही जंगल,
नाल्यावरच्या जलपर्णीलाही.
मी हसले, मग दुरुस्त करत बसले
पोराच्या वहीतल्या वेलांट्यांसारखं.
हिरवं दिसलं की झाड समजणारी माणसंही मी पाहिलीत,
त्यांना सुधारायचे पैसे कोणी देत नाही.

येसूबाय वैती बुधवारी चिंबोऱ्या घेऊन
गल्लीच्या तोंडाशी बसते.
तिला लॅपटॉप दाखवला.
बराच वेळ शोधत राहिली;
आपली खाडी तिने वरून कधी पाहिलीच नव्हती.
मग बोट ठेवलं ४१७ वर, स्क्रीनवर ओला डाग:
"हितं बांध घातलाय. राडारोड्याचा.
उधानाचं पानी आत शिरत नाय.
झाडं उभी हायेत गो, पन मेलेली हायेत."
कशावरून?
"बिळं रिकामी."

यंत्राला तेव्हा सगळं हिरवंगार दिसत होतं.
त्याला कळलं साडेतीन महिन्यांनी,
पानं तपकिरी झाल्यावर.
मधे ढगांचे दिवस,
पांढऱ्या चित्रामागून पांढरं चित्र,
आणि डंपरवाल्यांना कॅलेंडर पाठ असतं.
मग एका रात्री ४१७ भोवती लाल रेघ:
ऱ्हास, ७८ टक्के.

तक्रार केली. मी,
हे सगळं फुकटात चालवणारा आशय गद्रे,
आणि अंगठा द्यायचा नाही म्हणून
सही शिकून आलेली येसूबाय.
उत्तर एका ओळीचं:
सदर ठिकाणी झाडे नव्हतीच.

नव्हतीच.
कुऱ्हाडीला आवाज असतो,
करवतीचा तर दोन गल्ल्या पलीकडे जातो.
हा शब्द टाईप होताना
पंख्याचा आवाज आला असेल फार तर.

पण जुनी चित्रं आता उघड्यावर असतात.
कुलूप नाही, फी नाही,
साहेब जेवायला गेलेत, उद्या या, नाही.
कुणीही उतरवून घ्यावीत,
आठ वेळा मावणाऱ्या खोलीतल्या बाईनेही.
आम्ही दहा डिसेंबर काढले,
दहा वेळा तोच ४१७:
नऊ हिरवे तुकडे, एक मातकट.
टेबलावर ओळीने मांडले.
साहेबांनी चष्मा काढला,
पुसला,
परत घातला.

बांध फुटला की कुणी फोडला, मी सांगणार नाही.
अमावास्येच्या उधाणाला पाणी आत गेलं, एवढं खरं.
ती झाडं परत आली नाहीत.
निवट्या आल्यात, येसूबाय म्हणते,
आणि कुठे कुठे बोटभर रोपं,
दोन-दोन पानांची.

एवढं बारीक ठिपक्यात मावत नाही.
यंत्र विचारतं: हे काय?
आणि पर्याय तीनच मी शिकवलेले,
तिवर, पाणी, तिवर नाही.

म्हणून एक चौथा रकाना पाडलाय.
नाव अजून सुचलेलं नाही.
दर बुधवारी त्यात लिहिते,
येसूबाय सांगेल तसं:
बिळं, एकवीस.
बिळं, चौतीस.
काल: मोजली नाय,
गुडघ्यापर्यंत पाय रुतत व्हते.