प्रश्न क्रमांक सतरा

इलठणपाड्यात समाजमंदिराच्या ओट्यावर
बुधवारी रात्री साडेआठला वर्ग भरतो.
पाणी आलं तर हंडे भरतात,
नाही आलं तर वर्ग.

इथे क कमळाचा नाही.
आ आवक क्रमांकाचा, पो पोचपावतीचा.
मागच्या महिन्यात दिघ्याच्या विभाग कार्यालयात
बाबू म्हणाला, ठेवून जा, बघतो.
चौघीजणी खिडकीशीच उभ्या राहिल्या
शिक्का बसेपर्यंत.
हे मी टिपून घेतलं. प्रकरण चार, उदाहरण दोन.

माझ्याकडे बत्तीस प्रश्न,
मार्गदर्शकांनी दोनदा तपासलेले.
सतरावा असा :
साक्षरतेमुळे नागरिक म्हणून आपल्या सहभागात
कितपत वाढ झाली?
खाली पाच चौकटी. अजिबात नाही ते पुष्कळ.

सहभाग म्हंजी? तिनं विचारलं.
म्हणजे... भाग घेणं.
कुणाच्यात?

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

मग कागद तिनंच ओढून घेतला,
बोट ठेवत, ओठ हलवत वाचू लागली,
खडीच्या ढिगावरून अनवाणी चालावं तशी.
वरच्या कोपऱ्यात थांबली.
उत्तरदाती क्रमांक नऊ. ही कोण?
तुम्हीच. नाव गुप्त ठेवतो आम्ही,
तुम्हाला त्रास नको म्हणून.

ती हसली नाही, रागावलीही नाही.
दोन वर्सं लागली मला ते लिव्हायला, म्हणाली,
आन् तू ते झाकणार व्हय?

शेजारची मेहरुन्निसा खोकली.
ट्यूबलाइट एकदा फडफडली.
तेवढ्यात गल्लीतून हाक आली, नळ आला गं!
आणि चपलांचा एकच गोंधळ,
ओट्यावर पाट्या, एक चष्मा, मी.

घरी येऊन कागद लावत बसले.
सतराव्या प्रश्नाखाली, पाच चौकटींत,
एकेका घरात एकेक अक्षर :
चां. गु. णा. बा. ई.
ण जरासा घराबाहेर आलेला.

संगणकात या रकान्यात
फक्त एक ते पाच आकडे जातात.
उत्तर नसेल तर नव्याण्णव.
रात्रीचा दीड वाजलाय.
नवावर बोट ठेवून बसले आहे,
दाबलेलं नाही.