अनुभवाचा रकाना

समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल टाकून बसलो
तेव्हा पंखा होता, लाइन नव्हती.
वीज तयार करणाऱ्या कंपनीचा माणूस मी,
भरतीच्या फॉर्मनं वारा घेत होतो.
कुणी हसलं नाही.

पहिला शालिक वाघाडे,
जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं फिटर.
जिनिंग बंद होऊन दोन हंगाम झाले,
भुवईत रुईचा तंतू मात्र अजून.
"सोलरचा अनुभव?"
"रोलर आयकतो जी."
"म्हणजे?"
"बेरिंग तुटाच्या आंधी कण्हते.
मले झोपीत समजते.
मालक रातच्याले जीप धाडे."

फॉर्मात दोनच चौकटी :
संबंधित, असंबंधित.
मी खूण केली. पुढचा.

चंद्रकला नेवारे. बारदाना शिवायची.
दाभण सोबतच आणला होता, दाखवायला.
"माह्या हातची गाठ ऊन-पान्यानं सुटत नाई, साहेब,
मंग ते वायर असो का सुतळी."
खूण.

सुखदेव कोडापे, वय एकवीस.
वरातीत डोक्यावर झुंबर घेऊन चालणारा.
"करंटची भीती वाटते का?"
"डोस्क्यावर घेऊन फिरलो जी,
नवरदेव नाचे थ्या वक्ती उभा राहो.
मानीले ठावं हाय त्याचं वजन."
खूण.

सांजेपर्यंत त्रेचाळीस फॉर्म.
वरच्या ऑफिसला हवे होते चाळीस.

पुढच्या चैतात साइटवर गेलो.
बरड जमिनीवर निळ्या काचांच्या रांगा,
उन्हाचा नुसता लोंढा, आणि आवाज कशाचाच नाही.
शालिक रांगेच्या टोकाशी
चुकल्या लग्नघरात आल्यासारखा उभा.
"इथं काईच फिरत नाई, साहेब.
आयकू तं का आयकू?"

दुपारी त्यानंच बोलावलं.
सात नंबरच्या इन्व्हर्टरला कान लावून बसला होता,
पत्र्याचा चटका बसू नये म्हणून
मध्ये दुपट्ट्याची घडी.
"हा कण्हते."
स्क्रीनवर सगळं हिरवं.
तरी उघडला.
आतल्या पंख्याचं बेरिंग
चिमटीत धरलं तर हललं.

इंजिनियर म्हणाला, नशीब.
शालिक काही म्हणाला नाही,
बोटाचं ग्रीस केसांना पुसून
पाणी प्यायला गेला.

मी हजेरीपट उघडला.
वाघाडे शालिक. हेल्पर. अकुशल.
रोज तेवढाच, जेवढा गवत कापणाऱ्याला.
कारण पुढच्या रकान्यात होतं :
पूर्वानुभव असंबंधित.

खूण माझ्याच पेनची.
घाईतली, पण ठळक.