करण्यात आला

एकवीस वर्षं मी आमच्या पतसंस्थेचं इतिवृत्त लिहिते.
मिरज, वरचा मजला, खाली तंतुवाद्यांची गल्ली.
सभा चालू असताना मधूनच कुणीतरी तार पिळतं
आणि चेअरमन मगदूम बोलता बोलता थांबतात.

विषय क्रमांक सात:
कर्ज छाननीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घेणे.
सूचक भरमू चौगुले, अनुमोदक कलावती कोरे.
पुण्याहून आलेल्या मुलानं पडद्यावर
हिरवे-तांबडे गोल दाखवले.
कोरेबाईंनी विचारलं, हे चुकलं तर?
तो म्हणाला, चुकण्याचं प्रमाण फार कमी आहे.
प्रमाण नाही विचारलं, त्या म्हणाल्या,
निस्तरणार कोण?
तेवढ्यात चहा आला.
मी लिहिलं:
सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.

मार्चअखेरपर्यंत ते सगळ्यांना आवडलं.
फोन यायचा, मेहुण्याचं तेवढं बघा,
की मॅनेजर हेरवाडकर हात वर करायचे,
आता मशीनच्या हातात आहे हो सगळं.
पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं
तसे चालायचे ते, जिन्यावरून शीळ घालत.

मग दस्तगीर सतारमेकर आला.
कर्जाचं कारण: भोपळे खरेदी, नग दोनशे.
गोल तांबडा.
शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द, नाशवंत माल.

दस्तगीर आधी हसला.
साहेब, हा आमटीचा भोपळा नव्हे.
हा वर्षभर वाळतो, मग त्याची सतार होते,
ती माझ्या मागंही वाजंल.
हेरवाडकर म्हणाले, सिस्टीमनं नाकारलंय.
मग त्यांना जरा बाहेर बोलवा की,
दस्तगीर म्हणाला,
समोरासमोर बोलू.

कुणी उठलं नाही.
सगळ्यांनी संगणकाकडं पाहिलं,
आणि मग एकमेकांकडं न बघता
आपापल्या टेबलावरचे कागद नीट केले.

पुण्याला फोन लावला. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला.
नवी मुलगी म्हणाली, मॅडम,
ते तुमच्याच जुन्या नोंदींवरून शिकलंय.

म्हणून मी कपाट उघडलं.
शिवण सुटलेल्या वह्या, पिवळी पडलेली पानं,
आणि पानोपानी माझंच अक्षर:
योग्य तारण नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात आला.
निधीची उपलब्धता पाहता अर्ज स्थगित करण्यात आला.
खालच्या गल्लीतली नावं एकामागून एक,
दस्तगीरचा बाप, त्याचा चुलता.
करण्यात आला, करण्यात आला.
केला कुणी?
कर्ताच नाही कुठल्या वाक्याला.
दहावीला मराठीत पहिली आलेली मी,
आणि त्या यंत्रानं
माझं व्याकरण तेवढं उचललं.

काल सभा झाली. आयत्या वेळचा विषय.
मगदूम म्हणाले, उपसमिती नेमू.
चौगुले म्हणाले, एक रकाना वाढवा,
भोपळा, वाद्याचा.
कोरेबाई म्हणाल्या, रकाना वाढवा, पण
प्रत्येक नकाराखाली माणसाची सही पाहिजे.
कुणाची, असं कुणीच विचारलं नाही.
खाली कुणीतरी जवारी काढत होतं,
घासायचं, ऐकायचं, परत घासायचं,
अर्धा तास तोच एक सूर.

दस्तगीरनं भोपळे उधारीवर आणले, भीमाकाठाहून.
आमच्या खिडकीतून दिसतात, गच्चीवर ओळीनं.
एकही नासलेला नाही.

आज मी लिहिलं:
हेरवाडकर यांनी अर्ज नाकारला.
संचालकांनी विचारलं नाही.
कलावती कोरे यांनी मागेच विचारलं होतं,
ते लिपिक शशिकला आवटी हिनं
इतिवृत्तातून गाळलं.

वही मगदुमांसमोर ठेवली आहे,
वाचून कायम करण्यासाठी.
ते चष्मा शोधताहेत.
कपाळावरच आहे तो.